अंतर विचारणारे नाना

कोणी काहीही भीतीचं सांगू द्या, नानांचा पहिला सवाल ठरलेला, "आंतर कितलं शे?" शिवारात बिबट्या दिसला, आंतर कितलं? गुजरातेत जमीन हादरली, आंतर कितलं? उत्तर आलं नाही की नाना असे खेकसत की सांगणारा आठवडाभर त्या गल्लीत फिरकत नसे. गाव त्यांना तापट म्हणायचं. म्हणू दे. अख्ख्या गावात डोकं ठिकाणावर असलेला तेवढा एकच माणूस होता.

नाना माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, समोरच्या घरात एकटेच राहायचे. सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात मीटरच्या काट्यांवर नजर ठेवण्यात गेली. "काटा देख्याबिगर मी कधी घाबरनू नई," असं अभिमानाने सांगत. निवृत्त होऊन पिंपळनेरजवळच्या आमच्या गावी परतले ते आकाशाचा नाद घेऊन.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात टीव्हीवर एकच आरडाओरडा सुरू झाला, पृथ्वीकडे महाकाय संकट येतंय म्हणून. संकट म्हणजे आमच्या शाळेच्या इमारतीएवढा एक लघुग्रह. तोही भरदुपारी जाणार, म्हणजे दिसणारसुद्धा नाही. नाना संतापले. खळ्यात माणसं गोळा करून त्यांनी काठीने दोन रिंगणं ओढली. मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरतात तो मधला खांब, तिवडा, म्हणजे सूर्य. आतला बैल पृथ्वी, बाहेरचा हा दगड. "दोन्हीस्ना तिवडा एकच, पन दोन्ही एकमेकले बांधेल नईत. आठ वरीसमा एकदाव जवळ येतस, मंग आपापल्या वाटे. चंद्र साक्रीले धरा, तर हाऊ दगड धुयावरतीन जाई. आपले काय?" साक्री आमच्याजवळ, धुळं तिच्या तिप्पट लांब. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन पुन्हा टीव्ही लावला.

मला तेव्हा सातवा महिना होता. नवरा सुरतेला कामाला. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन केला. गुरुजींनाही त्या दगडाचं काही ठाऊक नव्हतं, पण पाळलेलं बरं म्हणाले. झालं! लघुग्रहाला ग्रहणाचे वेध लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी पत्र्याच्या खोलीत बसायचं, दार-खिडकी बंद, अन्न नाही, पाणी नाही. खानदेशातला मे महिना आणि वर तापलेला पत्रा. मी बी.एस्सी. झालेली बाई. तरी मुकाट्याने आत जाऊन बसले. याचा राग मला आजही अक्कांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

दुपारी नानांचा आवाज आला. "वहिनी, तिले पानी द्या!"

"वेध शेतस, नाना. सांजलोंग काहीच देवानं नई."

"आंतर कितलं शे? मले सांगा, आंतर कितलं?"

मग कडी तुटल्याचा आवाज झाला आणि उजेडात मला आधी तांब्या दिसला, मग नाना. "पे पोरी, पे." मी प्यायले आणि तिथेच कोसळले. नानांनीच कोणाची तरी जीप आणून मला धुळ्याला नेलं. त्याच संध्याकाळी मुलगी झाली, दोन महिने आधी. उष्म्याने, पाण्यावाचून कळा लवकर आल्या, असं डॉक्टरांनी अक्कांच्या तोंडावर सांगितलं. कित्येक दिवस पोर काचेच्या पेटीत होती, पण जगली.

गावाने मात्र आपला निकाल दिला. नानांनी दार उघडलं म्हणून पोर लवकर झाली, आणि अर्धा दिवस का होईना वेध पाळले म्हणून वाचली! बारशाला नानांना बोलावलं नाही. त्या दिवशी ते त्यांच्या ओट्यावर बसून होते. मी पोरीला घेऊन दारात आले तेव्हा त्यांनी गल्लीपलीकडून हळूच विचारलं, "पोरनं वजन कितलं शे?" अक्का शेजारी उभ्या होत्या. मी न ऐकल्यासारखं करून आत गेले.

त्यानंतर नाना माझ्याशी कधी रागावून बोलले नाहीत. इतर सगळ्यांवर ओरडत, माझ्यावर नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी थंडीत ते गेले आणि मला सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं.

या मे महिन्यात तो दगड हिशेबाप्रमाणे परत आला. टीव्हीवर पुन्हा तोच तमाशा. माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना. अक्कांनी फोन उचलला, गुरुजींचा नंबर शोधायला लागल्या, आणि माझी आठ वर्षांची लेक बघत होती. मी पत्र्याच्या खोलीचं दार अडवून उभी राहिले.

"अक्का, आंतर कितलं शे?"

"नानानीगत काय आरडस?"

"आरडसू! आंतर सांगा आधी!"

मी जावेच्या हातात तांब्या दिला आणि तिचं पिऊन होईपर्यंत दारातून हलले नाही. समोरच्या ओट्यावर कोणी नव्हतं.