धाकूनानाचं सुकाणू

धाकूनाना तांडेलाला मी हसताना पाहिलं ते फक्त होडीत. किनाऱ्यावर सदा कपाळाला आठ्या, पण सुकाणू हातात आलं की म्हातारा नवरदेवासारखा खुलायचा.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. आमच्या खारदांड्यात शिमग्याला होड्यांची शर्यत लागायची. आम्ही आठजण वल्ही मारायचो. वल्हेकऱ्याची पाठ पुढे असते. होडी कुठं चालली ते त्याला दिसत नाही, दिसतो तो मागे सुकाणू धरून बसलेला तांडेल. कुणी मान वळवली की नाना खेकसायचा, "फुडं काय बगतंस? तिथं मी बगतो. तू माज्या तोंडाकडं बग!" आम्ही बघायचो. सख्ख्या बापावर नसेल एवढा भरवसा होता, खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी शेजारच्या कोळीवाड्याची होडी आमच्या बरोबरीनं होती. खोल पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला वळसा घालून परत यायचं. वळलो आणि ती होडी दिसेनाशी झाली. मागं पडली असती तर समोरच दिसली असती. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण नाना हसत होता, ओरडत होता, "हान रं! जिंकलाव, जिंकलाव!" आम्ही जीव तोडून मारलं, हाताची सालटं निघाली. किनाऱ्याला लागलो तर त्यांचा गुलाल उधळून झालेला! नानानं बोयाला एवढा लांबचा वळसा घातला होता की बघणाऱ्या बायकांनीही कपाळावर हात मारला. "म्हातारा आंधळा झाला," लोक म्हणाले.

आंधळा कसला! शिमगा सरतो न सरतो तोच त्याची लेक चंपा, वर्षभर माहेरी टाकलेली, सासरी नांदायला गेली. तिचा सासरा त्याच जिंकलेल्या होडीचा मालक. मी तडक नानाचं घर गाठलं. तो जाळं शिवत बसला होता.

"नाना, पोरीसाठी शर्यत सोडलीस?"

"व्हय."

"मग आम्हाला सांगायचंस ना! चंपा आमची कुणी नव्हती काय? आपणहून हरलो असतो रे!"

"म्हनून नाय सांगितला," वर न बघता तो म्हणाला. "होडीत लबाड एकच बरा."

बोलायला काय जातं! माझं डोकं फिरलं. पुन्हा त्याच्या होडीत मी पाय ठेवला नाही. तो गेला तेव्हा खांदा दिला, रडलोही. राग मात्र गेला नाही.

चंपा आज सुखात आहे. बाजारात भेटली की दादा म्हणून दोन पापलेटं जास्त टाकते. सासऱ्याला देवानं बुद्धी दिली, असं ती म्हणते. मी मान डोलावतो. फसवलं त्यानं, आणि त्याचं खोटं सांभाळतोय मी!