वाचल्यानंतर बदललेली ओळ

बाबा गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. संपानंतर ती गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मिळेल ते काम करून त्यांनी मला कॉम्प्युटर शिकवला. शिकून मी किती शहाणा झालो, ते सांगतो.

पहिली नोकरी लोअर परळला. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये बसणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मी लिहायचो. शोधलेल्या ओळी पडद्यावर येणार, तिथेच खोडा-लिहा, सेव्ह केलं की थेट डेटाबेसमध्ये. मी जाम खूश! ती पहिल्यांदा बसवली परळच्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात.

थोड्याच दिवसांत बोलावणं आलं. एक म्हातारी कोळीण माझी वाटच बघत होती. "मेल्या, ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, दोनदा खाल्ली! महिनाअखेर डॉक्टर चालला. मग काय आंधळी होऊ?" मासा ताजा की शिळा, हे ती आता बोट लावून ओळखायची.

चूक माझीच. दवाखान्याच्या एका खिडकीवर तिची ओळ, म्हणजे तिची नोंद, फोन नंबर बदलायला उघडलेली, तेवढ्यात दुसऱ्या खिडकीने तारीख घातली. मग पहिलीने सेव्ह केलं आणि जुनी, बिनतारखेची ओळ अख्खी वर बसली. कुणाला कळलंच नाही.

घाईघाईने मी ओळीला कुलूप घातलं. एकाने उघडली की दुसऱ्याला बदलता येणार नाही. झालं! क्लार्कबाई तिची ओळ उघडी टाकून जेवायला गेल्या आणि तारीख द्यायला आलेला डॉक्टरांचा माणूस ताटकळून परत गेला.

घरी जेवताना मी चिडचिड केली, तर बाबा हसले. "अरे, साच्याक कुलूप घालून जेवूक जाता कोण? जाताना कापडार खडूची खूण करूची. तवसर शेजारचो माणूस तो साचो चालवता. परत इलो की आधी खूण बघूची. खूण फुडे गेली? मगे सगळा तपासल्याशिवाय हात लावूचो नाय."

माझा घास हातातच राहिला. बाबांचे पाय धरावेसे वाटले, खरंच.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीला एक आकडा दिला. ओळ बदलली की आकडा वाढणार. सेव्ह करताना वाचला होता तोच आकडा नसेल, तर सेव्ह नाही, आधी ओळ पुन्हा बघा.

कोळीण मावशीला डॉक्टर जाण्याआधीची शेवटची तारीख मिळाली. त्याच दिवशी कुणीतरी तिची जुनी ओळ सेव्ह करायला गेलं आणि लायब्ररीने चक्क नकार दिला. तारीख जागची हलली नाही.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी मी बाबांना घेऊन गेलो. मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू होय रे तो? अगदीच पोरगा! उगाच शिव्या घातल्या."

"मावशी, तुमची तारीख यांनी वाचवली."

तिने बाबांकडे मान वळवली. "तुम्ही पण कॉम्प्युटरवाले?"

"नाय," बाबा ताठ उभे राहिले. "मी साचेवालो."

संपानंतर हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.