भामाबाईच्या डाव्या हातातलं घड्याळ

भामाबाईच्या रागाला पनवेलच्या मासळी बाजारात सगळेच भ्यायचे, मीही. मी अविनाश, बाजाराला बर्फ पुरवतो. माझी लादी फोडायची जागा आणि तिचा मासे कापायचा ओंडका यांच्यात चार हातांचं अंतर. वीस वर्षं मी बर्फ फोडायचा टोचा चालवतोय आणि ती कोयता.

एकदा एका दारुड्याने शेजारच्या कोळणीचा पदर ओढला. भामाबाईने दोन किलोचा जिताडा शेपटीला धरून त्याच्या थोबाडावर हाणला. दात पडला. तो तिने बर्फातून शोधून त्याच्या हातावर ठेवला, जिताडा धुतला आणि विकला. घेणारा मीच होतो. नवरा काळूराम सुरुवातीला हात उचलायचा. एका दुपारी तो घोरत असताना तिने त्याच्या कानाशेजारी गादीत कोयता रोवला आणि चहा टाकायला गेली. त्यानंतर मरेपर्यंत काळूराम तिला ‘तुमी’ म्हणत होता.

अशा बाईला वाकवलं ते गुडघ्यांनी. छप्पन्न वर्षांची, अंगाने भारी, दहा वर्षांपासून मधुमेह, म्हणून साखरेच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, मग गुडघ्यांचं ऑपरेशन करू. ऑपरेशन नाही तर वर्षभरात पाटावर बसणं बंद, आणि बाजारात चार महिने जागा रिकामी दिसली की तिथे दुसरी येऊन बसते. ती जागा सासूने तिला दिली होती. भामाबाईला मरण चाललं असतं, जागा गेलेली चालली नसती. म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं. मुलाचं.

मुलगा प्रणित नवीन पनवेलला एका जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवतो. पोरगा वाईट नाही, पण मोबाईलवर दिसलं की ते ब्रह्मवाक्य. त्याने आईच्या डाव्या मनगटावर कॅलरी मोजणारं घड्याळ बांधलं आणि आठवड्याने बाजारात येऊन निकाल वाचून दाखवला.

“आई, दिवसभर तू बसूनच असतेस. कष्टाच्या जेमतेम तीनशे कॅलरी जळतात. आणि जेवतेस तीन भाकऱ्या.”

बसूनच असते! पहाटे पाचला मासळीचे टब उचलणारी, एका घावात सुरमईची मान उडवणारी बाई बसून असते! माझं डोकं फिरलं.

“अरे शहाण्या,” मी म्हटलं, “तिचा डावा हात मासा दाबून धरतो. तो हलतच नाही. राबतो तो उजवा. तिकडे बांध.”

“उजव्याला नको,” भामाबाईच म्हणाली. “रगत उडतं, पट्टा बुलबुलीत होतो. कोयता सटकंल.”

“काका, हाताने फार फरक पडत नाही. ते नाडीपण मोजतं,” प्रणित म्हणाला.

मी परत लादी फोडायला लागलो. आपला मुलगा नाही, आपण कशाला बोला! करंजाड्याला घरी जाताना खड्ड्यांतून उडणाऱ्या रिक्षात मात्र त्याच घड्याळाने तिला आठशे पावलं चालवलं. ते तिनेच मला हसत सांगितलं. आणि तरी तीन भाकऱ्यांची एक झाली. भात बंद. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, कारण गोळ्यांबद्दल घड्याळ काही बोलत नव्हतं.

महिन्याभरात ती उतरली, पण आवाजानेही उतरली. गिऱ्हाइकाला शिवी द्यायचं विसरायला लागली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तो रविवार होता, गर्दी मरणाची. सकाळचे अकरा वाजले असतील. ओंडक्यावर मोठी सुरमई, समोर तुकडे मागणारं गिऱ्हाईक. भामाबाई बर्फाशेजारी बसून घामाने निथळत होती. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “काळूराम, पानी दे.”

मी हसलो. मेलेल्या नवऱ्याचं नाव माझ्यावर काढलं म्हणून हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

पुढचा घाव डाव्या हातावर पडला. आवाज सुरमईच्या काट्यावर येतो तसाच आला. दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, तुकड्यांमध्ये जाऊन पडली. रक्ताची चिळकांडी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर उडाली. भामाबाईने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. “थांब, कापून देते,” असं त्याला म्हणाली, पुन्हा कोयता उचलला आणि तशीच तोंडावर कोसळली. मी तिच्या मुठीतून कोयता हिसकावला, मनगट गमछ्याने करकचून आवळलं, बोटं पिशवीत घालून बर्फात ठेवली.

इस्पितळात तिच्या त्याच डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर बघितली. अडतीस. सत्तरच्या खाली जाऊ नये ती. “गोळ्या पूर्ण आणि जेवण पाव हिस्सा? कुणी सांगितलं हे?” ते गरजले. बोटांची हाडं चुरली होती, जोडता येणार नव्हती.

प्रणित भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. “पण आज तर तिच्या कॅलरी जेमतेम...”

त्याला मी वाक्य पुरं करू दिलं नाही. लाद्या फोडणारा हात आहे माझा. एका फटक्यात त्याचा ओठ फुटला, दुसऱ्यात तो खाली बसला. मोबाईल मी पायाखाली घेतला. डॉक्टरांनी मला बखोटीला धरून बाजूला केलं आणि त्याला म्हणाले, “घड्याळ चालणाऱ्याची पावलं बरी मोजतं. कॅलरी हा त्याचा अंदाज, आणि तोही बराच चुकतो. अंदाजावर साखरेच्या माणसाचं ताट कमी करायचं नसतं. मला एक फोन केला असतास तर?” पोरगा रक्त आणि अश्रू एकत्र गिळत होता. मला त्याची दया आली नाही.

तिसऱ्या दिवशी भामाबाई पूर्ण शुद्धीवर आली. प्रणित तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसत होता.

“ऊठ,” ती म्हणाली. “रडून बोटं उगवत नाय. धरायचा हात गेला, कोयत्याचा हाय. मासा आता तू धरशील.”

आम्हाला वाटलं, रागात बोलली. तीन आठवड्यांनी ती जागेवर येऊन बसली. दोन भाकऱ्या आणि कालवण खाऊन आली होती, डॉक्टरांनी तेवढं ठरवून दिलं होतं. समोर ओंडक्यापाशी प्रणित उकिडवा बसला. तिने सुरमई टाकली. त्याने दोन्ही हातांनी ती दाबून धरली. सगळा बाजार थांबला, माझा टोचाही.

कोयता वर गेला तसे प्रणितने डोळे गच्च मिटले.

“डोले उघड!” भामाबाई इतक्या जोरात ओरडली की चार दुकानांपलीकडची कोळीण दचकली. “महिनाभर मोबाईल बघितलास ना? आता आयचा हात बघ.”

त्याने डोळे उघडले. त्याच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर घाव पडला आणि सुरमईची मान तुटून माझ्या बर्फावर आली. ती पुढचा घाव घालायला लागली, आणि तो डोळे न मिटता बघत राहिला.