पीटीच्या बाईंची रेघ

आमच्या मुलुंडच्या गल्लीसाठीचं ते पत्र सात महिने माझ्या कपाटात पडून होतं, आणि ते मी मुद्दाम ठेवलं होतं. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पीटीच्या बाईंबद्दल चांगलं लिहिता लिहिता मी ते पुन्हा टाळीन.

बाई आम्हाला शाळेत पीटी शिकवायच्या आणि समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. रिटायर झाल्यावरही गळ्यातली शिट्टी आणि घरातली फक्की सुटली नाही. रोज संध्याकाळी पाचला त्या तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन उतरायच्या आणि मैदानावर आखतात तशी फक्कीची पांढरी रेघ गल्लीच्या दोन्ही तोंडांशी ओढायच्या. सातपर्यंत रेघेच्या आत मुलं खेळायची, म्हातारी माणसं भर रस्त्यात खुर्च्या टाकून बसायची. हायवेला जायला जवळ पडतं म्हणून दिवसभर आमच्या गल्लीतून पळणाऱ्या गाड्या तेवढे दोन तास थांबायच्या. एकदा एका पार्सलवाल्याने बाईक आत घातली. बाई म्हणाल्या, "बंद कर आणि ढकलत ने. पाय आहेत ना?" तो हसला आणि खरंच ढकलत गेला.

शाळेत त्यांचा एक नियम होता. शर्यतीत कुणी शिट्टीआधी पळालं तर त्या नाव घ्यायच्या नाहीत. "फाउल कोणाचा ते मी सांगणार नाही. ज्याचा आहे त्याने हात वर करायचा." हात वर होईपर्यंत शर्यत पुन्हा सुरू व्हायची नाही, आणि बाई सांगेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. कबूल केल्यावर मात्र त्या कधी रागावल्या नाहीत.

मग एका गाडीवाल्याने विचारलं, "परमिशन आहे का, मॅडम?" बाईंकडे नव्हती. चौकशी केल्यावर कळलं, गल्लीतल्या पाचही सोसायट्यांनी ना हरकत पत्र दिलं तर रस्ता रोज दोन तास रीतसर बंद होईल. दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून त्यांनी चार पत्रं मिळवली. पाचवं आमचं होतं आणि सेक्रेटरी मी. मीटिंगमध्ये मांडून सही करायला त्यांनी दिलेलं पत्र मी कपाटात ठेवलं. मी नुकतीच गाडी घेतली होती. सहाला घरी यायचो आणि सातपर्यंत ती बाहेर मोठ्या रस्त्यावर लावून ठेवायला लागायची. बाईंची रेघ ओलांडायची माझी हिंमत नव्हती. पत्र अडवायला हिंमत लागली नाही.

"काय रे सावंत, झाली का मीटिंग?" त्या भेटल्या की विचारायच्या. मी म्हणायचो, कमिटीतल्या दोघांचा विरोध आहे, बोलतोय त्यांच्याशी. विरोध कोणाचाच नव्हता. मी विषय मांडलाच नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंना संशय आला आणि त्यांनी तो बाईंना बोलून दाखवला, तेव्हा बाई त्यांच्यावरच उखडल्या. "तो माझा विद्यार्थी आहे. तो करेल," म्हणाल्या. काकूंनी हे मला जिन्यात ऐकवलं, तरी मी पत्र बाहेर काढलं नाही.

कागद नाही हे कळल्यावर गाड्या रेघेवरून जायला लागल्या. बाई पुन्हा फक्की टाकायच्या, चाकं ती पुन्हा पसरवायची. अशाच एका रिक्षाला चुकवताना त्या पडल्या आणि मनगट मोडलं. भाची त्यांना चेंबूरला घेऊन गेली. त्यानंतर रेघ कोणी ओढली नाही. मी सहा वाजता गाडी थेट गेटपर्यंत आणायला लागलो.

पहिला आठवडा मला बरं वाटलं, हेही खरं. मग त्या रिकाम्या गल्लीतून यायची लाज वाटू लागली. मी मीटिंग बोलावली. ठराव पाच मिनिटांत पास झाला. काही दिवसांत गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लागले, आणि सोसायटीने शाल घालून माझा सत्कार केला. त्याच दिवशी बाईंचा फोन आला. "शाब्बास सावंत. शेवटी त्या दोघांना वळवलंस ना?"

दुसऱ्या दिवशी चेंबूरला गेलो. बाई खिडकीशी चहा घेत होत्या. प्लास्टर निघालं होतं, तरी कप डाव्या हातात होता. त्यांनी बस म्हटलं. मी बसलो नाही. पन्नाशीला आलेला मी, त्यांच्या भाचीसमोर उजवा हात वर करून उभा राहिलो.

"बाई, माझा फाउल. विरोध कोणाचाच नव्हता. पत्र मीच अडवलं, गाडीसाठी. मला माफ करा."

बाईंनी कप खाली ठेवला. मी हात खाली घेतला नाही.