फुकट राबणारा इवाई

विमानाचं तिकीट काढून परक्याच्या गोठ्यात फुकट शेण काढायला गेलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचा, सुनंदाचा सासरा. लेक देताना मी घर पाहिलं, शेत पाहिलं, पोरगा पाहिला. पोराच्या बापाकडे नीट पाहायचं राहून गेलं. तेव्हा तो बसवर कंडक्टर होता आणि चारचौघांसारखा दिसत होता. राहायला देऊळगाव राजाला, म्हणजे घाटावर. आम्ही मलकापूरकडचे, घाटाखालचे. घाटावरच्या लोकांचं सगळंच आम्हाला जरा वेगळं वाटतं, म्हणून सुरुवातीला त्याच्या वागण्याचा दोष मी घाटाला दिला. घाटावरचे लोकही त्याच्यापुढे हात टेकून बसलेत हे पुढे कळलं.

त्याचा धाकटा पोरगा जर्मनीत नोकरीला आहे. निवृत्त झाल्यावर हा त्याच्याकडे गेला आणि आठ दिवसांत कंटाळला. जन्मभर भरल्या गाडीत माणसांना पुढे सरकवलेला माणूस, त्याला बंद दाराच्या घरात कसं करमावं? शेवटी पोरानं मोबाइलवर एक जागा शोधून दिली. इटली नावाच्या देशात वरच्या अंगाला मोठे डोंगर आहेत, त्या डोंगरात एक शेत. तिथं पंधरा-वीस माणसं राहतात. कोणी कोणाच्या नात्याचं नाही, गावाचं नाही, भाषेचं नाही. गाई-शेळ्या पाळतात, उतारावरचं गवत कापतात आणि एका चुलीवरचं खातात. बाहेरचा कोणी गेला तर त्यानं अर्धा दिवस राबायचं, त्याला जेवण आणि खाट मिळते. मी विचारलं, मजुरीचा रोज किती देतात? म्हणाला, रोज नसतो. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कोणी भुलवून नेलं असेल. तसं विचारलं तर म्हणाला, "नाही हो, मी अर्ज केला होता." आमच्याकडे निंदणाला माणूस मिळत नाही म्हणून तुरीत गवत माजतं, आणि हा अर्ज करून समुद्रापलीकडचं गवत कापायला गेला. विहीणबाईंनी फोनवर आपलं गाऱ्हाणं सांगितलं ते वेगळंच. म्हणे, घरात पाण्याचा पेला जागेवर ठेवत नव्हते आणि तिथं पाळीनं संडास धुऊन आले.

तो त्या डोंगरात होता तेव्हा इकडे सुनंदाची माय गेली. सकाळी चहा केला, दुपारी छातीत दुखतं म्हणाली, दिवेलागणीला नव्हती. तेरवीला सगळे आले, इवाई तेवढा पोचला नाही. महिना-दीड महिन्यानं परत आला आणि तसाच दुखवट्याला म्हणून एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. बाकीचे पाहुणे टोपी-दुपट्टा आणायचे, रडायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. हा माझ्याशेजारी बसला. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग उठला आणि झाडू कुठं असतो म्हणून विचारलं. सोबत टोपी-दुपट्टा नव्हता. कागदात गुंडाळलेली एक पिवळी वडी होती, तिकडच्या गाईच्या दुधाची, त्यानं स्वतः दाबून केलेली. मी ती साबण समजून न्हाणीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती अंगाला लावली, फेस काही येईना. त्यानं न्हाणीतून वडी उचलली, धुतली आणि भाकरीबरोबर खाल्ली.

आता आमच्याकडची रीत अशी की इवाई घरी आला म्हणजे त्यानं कशाला हात लावायचा नाही. पाय धुवायला पाणी आपण द्यायचं, खुर्चीवर धुतलेली चादर आपण टाकायची, जेवल्यावर ताटसुद्धा आपण उचलायचं. आणि याच्या डोंगरावरची रीत अशी की ज्यानं काम केलं नाही त्यानं जेवायला बसू नये. पहिल्या दिवशी या दोन रीती माझ्या चुलीपुढे समोरासमोर आल्या. तो म्हणे आधी काम द्या, मी म्हणे आधी जेवा. शेजारच्या सखूबाईनं थापून दिलेल्या भाकरी वातड झाल्या, मी केलेलं बेसन घट्ट झालं. शेवटी मी त्याच्यापुढे लसणाचा एक गड्डा ठेवला. त्यानं तो असा मन लावून सोलला की जणू त्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, आणि मग मांडी घालून पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून तो गोठ्यात गेला. सखूबाई पाहते तर इवाई डोक्यावर शेणाचं टोपलं घेऊन उकिरड्याकडे चालला आहे. तिनं तोंडावर पदर घेतला, तो गेल्यावर काढला आणि मला धरलं. "भाऊजी, लाज हाये का तुमाले? लेकीच्या सासऱ्याले शेण काढायले लावता? सुनंदाची माय असती तं तुमालेच टोपल्यात घालून फेकलं असतं." हा आपल्या मर्जीनं राबतो हे गावाला पटत नव्हतं, मलाही पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं खडूनं माझ्या दाराच्या फळीवर कामाच्या पाळ्या लिहिल्या. डोंगरावर म्हणे असा मोठा फळा असतो. तिथं पंधरा-वीस नावं, इथं आम्ही दोघंच. मग त्यानं म्हशीचंही नाव घातलं. झाडझूड मी, भांडी इवाई, शेण चांदी. तिचं काम तेवढं रोज वेळेवर व्हायचं. सकाळी कामाला लागायच्या आधी ती डोंगरावरची माणसं गोल करून उभी राहतात आणि आज मनात कसं आहे ते एकेकानं सांगायचं असतं. आम्ही दोघं म्हातारे अंगणात समोरासमोर उभे राहायचो, त्याला गोल म्हणायचं. तो विचारायचा, आज कसं? मी म्हणायचो, बरं. तो म्हणायचा, बरं चालत नाही. मी म्हणायचो, कंबर दुखते. हे मात्र चालायचं. आमच्याकडे माणूस माणसाला जेवला का विचारतो, विहिरीला पाणी लागलं का विचारतो; मनात कसं आहे हे मला पन्नास वर्षं संसार करून बायकोनंही विचारलं नव्हतं. ती सांगायची, तुमच्या मनात असं असं आहे, आणि ते बरोबर असायचं.

कंडक्टरकीही त्याच्या अंगातून गेली नव्हती. गोठ्यात शिरला की चांदीच्या पाठीवर दोनदा टिचकी मारून म्हणायचा, "चला, पुढं सरका, मागून माणसं यायलीत." मागून कोणी येत नसे, पण म्हैस सरकायची. एकदा त्यानं मोबाइलमधले डोंगरावरचे फोटो दाखवले. बर्फ, लाकडाची घरं, दाढीवाली पोरं. त्यातच एक फोटो त्याचा स्वतःचा निघाला. डोक्याला फुलाफुलाचा रुमाल हनुवटीखाली बांधलेला, अंगात बाईचा लांब झगा, शेजारी एक भुरी गाय. मी तो फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. माझ्या लेकीचा सासरा! तिकडे नाटकबिटक केलं असेल अशी मी मनाची समजूत काढली आणि विचारलं नाही. विचारून याहून वाईट काही निघालं असतं तर मी काय करणार होतो?

माझा खरा घोळ वेगळाच होता. हा माणूस दुखवट्याला आला, का मला न्यायला आला, ते कळत नव्हतं. सुनंदा आणि जावई दोघंही मागे लागले होते, घराला कुलूप लावा आणि देऊळगावला चला. लेकीच्या घरी जाऊन तिच्या भाकरीवर बसायचं माझ्या मनात नव्हतं. पण म्हैस आहे, तिचं कोण करील, एवढंच कारण माझ्याजवळ होतं, आणि तेही हातचं चाललं होतं. चांदी सुनंदाच्या मायच्या हातची म्हैस. तिची वगार, म्हणजे पारडी, दगावली, त्यानंतर ती फक्त मालकिणीलाच पान्हा सोडायची. ती गेल्यावर मी बसलो की लाथ झाडायची. ढेप घातली, सरकी घातली, थोपटलं. बादलीभर दूध देणारी म्हैस तांब्यावर आली. जावयानं फोनवर ठरवून टाकलं, येत्या बाजारी म्हैस मलकापूरला न्यायची. मग मी मोकळा. मोकळा हा शब्द त्यानं चांगल्या मनानंच वापरला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात गोल करून उभे राहिलो. मी कंबर दुखते म्हणायला तोंड उघडलं, तर इवाई म्हणाला, आज आधी मी सांगतो. आणि त्यानं त्या फोटोची गोष्ट सांगितली. त्या डोंगरावर एक म्हातारी होती, गाईचं दूध तीच काढायची. पडली, कंबर मोडली, तिला खाली दवाखान्यात नेलं. गाय कोणाला जवळ येऊ देईना. शिकलेल्या पोरांनी तिला गाणी ऐकवली, पुस्तकं उघडून पाहिली. शेवटी यानं म्हातारीचा झगा आणि रुमाल खुंटीवरून काढला, अंगावर चढवला आणि खाली बसला. गाय पान्हावली. म्हातारी परत आली नाही, म्हणून तिथं असेपर्यंत रोज दोन वेळा हा तसाच बसायचा.

"इवाई," तो म्हणाला, "हा उपाय तुम्हाला माहीत होता ना?"

मी म्हटलं, "हाव."

माहीत नसायला काय झालं? आमच्या गावात कोणालाही विचारा. बाई आजारी पडली की गड्यानं तिचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसायचं, हे मी माझ्या बापालाही करताना पाहिलं आहे. पण तिची सगळी लुगडी मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी लोखंडी पेटीत घातली होती आणि किल्ली करदोड्याला बांधली होती. म्हैस विकली गेली असती तरी चाललं असतं, घर बंद झालं असतं तरी चाललं असतं. ती पेटी उघडायची नव्हती. का नव्हती ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं, आता लिहितानाही येत नाही. इवायानं ते विचारलंही नाही. तो दाराशी गेला, फळीवर खडूनं काहीतरी लिहिलं आणि भांडी घासायला बसला. मी जवळ जाऊन वाचलं. पेटी, आणि पुढे माझं नाव.

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. भांडी घासून झाली, वाळत पडली, तरी मी उभाच. मग आत जाऊन पेटी उघडली. वरच तिचं गोठ्यात नेसायचं हिरवं लुगडं होतं. ते बाहेर आणून मी इवायाच्या अंगावर टाकलं, म्हणजे टाकलंच, हातात दिलं नाही. त्यानं ते पायजम्यावरून कसंबसं गुंडाळलं, पदर टकलावर घेतला आणि बादली घेऊन बसला. चांदीनं मान वळवली. लुगडं हुंगलं. मग वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अशी लाथ घातली की बादली एकीकडे आणि परदेश पाहून आलेला इवाई दुसरीकडे. तो शेणातून उठला, कोपर चोळत लुगडं सोडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"म्हशीचं बरोबर हाये," तो म्हणाला. "तिथं म्हातारीचं कोणी नव्हतं. इथं तुम्ही हायेत."

मी नेसलो. गाठ कशी मारायची ते मला ठाऊक होतं, जन्मभर पाहिलेली होती. खाली बसलो, चांदीच्या पोटाला डोकं टेकवलं. काही होईना. तेव्हा आठवलं, सुनंदाची माय दूध काढताना कधी गप्प बसायची नाही. ती म्हशीला माझी गाऱ्हाणी सांगायची. मी ओसरीवर बसून ऐकायचो आणि ऐकलं नाही असं दाखवायचो. तेच मी सुरू केलं. म्हटलं, म्हातारा आजही जेवला नाही वं चांदे. म्हातारा कोणाचं ऐकत नाही. दीड महिना झाला, मेल्यानं माझं लुगडं कोंडून ठेवलं, म्हैस विकायले निघाला, पण पेटी उघडली नाही. पुढं काय काय बोललो ते माझ्या ध्यानात नाही. इवाई म्हणतो मी बराच वेळ बोलत होतो. माझ्या ध्यानात एवढंच आहे की बादलीत पहिली धार पडली तिचा आवाज झाला, आणि इवाई गोठ्याबाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाजाराला कोणी गेलं नाही. तो आणखी चार दिवस राहिला, उकिरडा भरून, कुंपण नीट करून, अचानक आला तसा अचानक निघाला. जाताना मला म्हणाला, पुढच्या खेपेला तुम्हीही चला, तिथं तुमच्यासारख्याची गरज हाये. मी म्हटलं, म्हैस हाये, तिचं कोण करीन?

आता तो पुन्हा त्या डोंगरावर गेला आहे. विहीणबाई चिडल्या आहेत, जावई हसतो. तिकडून तो मोबाइलवर दिसतो, मागे गाई आणि ढग, आणि आधी एकच विचारतो, आज कसं? मी म्हणतो, कंबर. तो इतक्या लांब जाऊन दुसऱ्याचं गवत काऊन कापतो, हे मला अजून समजलेलं नाही. विचारलं तर सांगेलही, पण मी विचारत नाही. दाराच्या फळीवर भांड्यांपुढे त्याचं नाव अजून आहे. भांडी मीच घासतो, पण नाव पुसत नाही.

लुगडं आता पेटीत नसतं, गोठ्यात खुंटीवर असतं. सुरुवातीला मला भीती वाटायची की रोज नेसून त्यातला तिचा वास निघून जाईल, आणि तसंच झालं. आता त्याला नुसता म्हशीचा वास येतो. परवा पदर डोक्यावर घेताना ध्यानात आलं, तिच्याही अंगाला तोच यायचा.