अर्धी लख्ख, अर्धी खरबरीत

अगं ये, जवळ ये जरा. समोर नाहीस, ठाऊक आहे मला, तरी कागदाजवळ सरकून बस. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तू एवढी वर्षं नुसती भांडीच घासलीस ना गं?" भांडी? कान उपटायला हवेत तुझे! अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या आमच्या गाळ्यात आम्ही बायका तांब्याच्या तबकड्यांना पॉलिश करायचो. असं पॉलिश, की त्यात बघून टिकली सरळ करून घ्यावी.

पॉलिश झालं की तबकड्या पलीकडच्या खोलीत जायच्या, तिथे त्यांच्यावर कोटिंग चढायचं. पण एकदा गिऱ्हाईक माल परत पाठवायला लागलं. चमक मंद दिसते म्हणे. शेठ थेट आमच्या टेबलाशी आले. "घासण्यात हयगय होतेय. दसऱ्यानंतर पॉलिशचं काम बाहेर देणार." म्हणजे आम्ही चौघी घरी. शेठ वळल्यावर दिंडोशीहून येणारी आमची मालवणची बाई म्हणाली, "हयगय? ह्येच्या तोंडाक पॉलिश करूक व्हया!"

कोटिंगच्या खोलीत एक नवी इंजिनीअर मुलगी होती, मुलुंडहून यायची. तिला आमचा दोष पटेना. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आमच्यात बसली आणि समजावू लागली. कोटिंगच्या आधी तबकडी बंद डब्यात ठेवतात, हवा काढून घेतात, थोडा आर्गॉन वायू सोडतात. वीज लावली की त्या वायूचे भारलेले कण, आयन म्हणतात त्यांना, तांब्यावर आपटत राहतात आणि वरचे अणू उडवतात. मळ जावा म्हणून करायचं हे. "पण मावशी, जास्त वेळ चाललं तर तांबंही उडतं. आणि सगळीकडे सारखं नाही उडत."

"का गं?"

"तांबं वरून एकसंध दिसतं, पण असतं बारीक बारीक दाण्यांचं. प्रत्येक दाण्यात अणूंच्या रांगा वेगळ्या दिशेने लागलेल्या. काही दाणे भराभर झिजतात, काही सावकाश. मग कुठे खड्डा, कुठे उंचवटा."

"म्हणजे चिक्कीसारखं! चोखली की गूळ आधी विरतो, शेंगदाणे वर येतात."

"नाही ना, मावशी! चिक्कीत दोन जिन्नस. इथे सगळं तांबंच. नुसती बसायची दिशा वेगळी."

मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! एकच धातू, पण कोण कुठल्या अंगावर वळून बसलाय त्यावर कोण किती झिजेल ते ठरायचं. घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसत होते.

तिने ठरवलं, एक तबकडी झकास पॉलिश करून घ्यायची, अर्धी पत्र्याने झाकायची आणि डब्यात घालायची. झाकलेली बाजू लख्ख राहिली आणि उघडी खरबरीत झाली, तर खोट आमच्या हातांत नाही. शेठ म्हणाले, "खंडेनवमीच्या दुपारी दाखव. मग ऐकणार नाही."

खंडेनवमीला सकाळीच आमच्या बफिंग मशीनची, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाची, पूजा झाली. झेंडूचे हार घातले. कोटिंगच्या डब्याची पूजा तेवढी तिच्या प्रयोगानंतर करायची होती. आदल्या दिवशी आम्ही पॉलिश करून ठेवलेली तबकडी न्यायला ती मुलगी आली आणि किंचाळलीच. तबकडीवर ओली हळद, कुंकू, वर अक्षता आणि झेंडू!

"कुणी केलं हे?"

"मीया," मालवणची बाई म्हणाली. "तांब्याचा चकचकीत ताम्हण दिसला, माका वाटला पूजेचाच. देवाक नको काय?"

मुलीचे डोळे भरले. नुसतं पुसून डाग आणि अक्षतांचे ओरखडे जाणार नव्हते, पुन्हा पॉलिशच हवं होतं. दुसरी तबकडी तयार नव्हती आणि पूजा झालेल्या मशीनचं बटण दाबायला शेठ देईनात. आम्हीही दाबलं नसतं म्हणा.

मी म्हटलं, "मशीनची पूजा झालीय. हातांची कुठे झालीय?"

शेठ डोकं खाजवत राहिले. मग आम्ही नवं मऊ कापड फाडलं, बारीक पेस्ट घेतली आणि चौघी बसलो. एकीचा खांदा भरला की दुसरी घ्यायची. मालवणची बाई तर उठायलाच तयार नाही. "माझा कुंकू, मीच काढतलंय!" हसून हसून आमचे हात घसरत होते. दुपारी जेवणं विसरून आम्ही तबकडी मुलीच्या हातात दिली. तिने ती स्पिरिटने पुसली, अर्धी झाकली, डबा बंद केला.

डबा उघडला तेव्हा सगळा गाळा दाराशी. पत्रा काढला. झाकलेल्या अर्ध्या भागात शेठची मिशी स्वच्छ दिसत होती. उघडा अर्धा मंद, आणि भिंगातून बघितला तर गोधडीच्या ठिगळांसारखे तुकडे, एक खाली, एक वर. शेठने दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हात चांगलेच आहेत तुमचे," ते पुटपुटले.

"मोठ्यान बोला, शेठ! मशीनचो आवाज बंद आसा आज!"

त्या मुलीने आयनचा मारा थोडक्यात आटोपायची वेळ बसवून दिली. माल परत येणं थांबलं, आमचं टेबल जागेवर राहिलं. दसऱ्याला शेठने आम्हा चौघींना सोनं दिलं, आपट्याचंच, पण वाकून दिलं!

मी काम सोडलं तेव्हा त्या मुलीने ती तबकडी मला देऊन टाकली. इथे बोरिवलीला खिडकीत ठेवलीय. फोटो पाठव म्हणू नकोस, फोटोत कळत नाही ते. बोट फिरवून बघावं लागतं. तेव्हा या रविवारी ये, नाहीतर पुढच्या, पण ये. भिंग काढून ठेवलंय मी.