बैठकीतून स्वयंपाकघरात गेलेली तार

आमच्या अमरावतीच्या घरी रेडिओ आला तेव्हा मी शाळेत होते. तो बैठकीत ठेवायचा की आत, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. कापसाचे भाव, जमिनीच्या गोष्टी, अंजनगावकडून आलेली माणसे, हे सारे बैठकीत. तेव्हा रेडिओही तिथलाच. कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर तो बसवला गेला आणि वहिनीने भरलेला रुमाल त्याच्यावर पडला. बाबांसमोर किंवा आल्यागेल्या पुरुषांसमोर सुनेने बैठकीत यायचे नाही, असे आमच्याकडे कोणी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. चपला दाराबाहेर काढाव्या तितके ते सहज पाळले जाई.

आई गेल्यानंतर घर वहिनीच पाहत होती. ती अकोल्याची. माहेरी रेडिओ नव्हता. शेजारच्या घरात जे लागेल ते भिंतीपलीकडून ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. त्यामुळे असेल, पण तिला गाण्यापेक्षाही रेडिओची खुंटी फिरवण्याचे वेड होते. दुपारी बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे गेलेले असत आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बडनेऱ्याला रेल्वेत कामावर. तेवढा वेळ बैठक रिकामी असे. वहिनी पदराला हात पुसत बाहेर येई, रेडिओ लावी, आणि त्याच्या आतले दिवे तापून आवाज येईपर्यंत स्टुलाशी उभी राही. मग काटा अगदी सावकाश सरकवी. खरखरीतून एखादा सूर वर आला की हात थांबे. कधी भाषाही कळत नसे.

"हे कुठचं असन वो बाई?" ती मला विचारी.

मी शाळेच्या नकाशातले एखादे नाव सांगत असे. खरे-खोटे तिलाही पाहायचे नसे. "ऱ्हाऊ दे थोडं," म्हणून ती ऐके, आणि मन भरले की काटा पुढे नेई. घरात दुसरे काहीही तिच्या मनाने पुढे जात नव्हते, हे मला फार पुढे उमगले.

एका दुपारी बाबा एका अडत्याला घेऊन वेळेआधीच परतले. त्या दिवशी दादाला सुटी होती. पायऱ्यांवर खाकरणे ऐकताच वहिनी गाणे तसेच टाकून मधल्या खोलीच्या दाराआड सरकली. बाबांनी बसता बसता रेडिओ बंद केला. दाराआड उभ्या असलेल्या वहिनीला दादाने पाहिले. माझा भाऊ मुळातच कमी बोलणारा. पण त्याचे रेल्वेतले काम सिग्नलच्या तारांचे होते, आणि एका ठिकाणची गोष्ट दुसऱ्या ठिकाणी पोचवायची तर मध्ये तार टाकावी, एवढा त्याचा विश्वास पक्का होता.

पुढच्या रविवारी तो लाकडी पेटीत बसवलेला एक स्पीकर घेऊन आला. रेडिओच्या पाठीमागे जादा स्पीकर जोडायला दोन भोके असतात, हे त्या दिवशी आम्हाला कळले. तिथून पीळदार तार निघाली, भिंतीच्या कडेने चौकटीवर चढली, मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात शिरली आणि मसाल्याच्या फळीशेजारी थांबली. बैठकीतून दादा ओरडून विचारी, "येऊन रायलं का ऐकू?" आणि वहिनी सासऱ्यांच्या देखत ओरडणार कशी, म्हणून ती भिंतीवर उलथने आपटून उत्तर देई. बंगईवर झोके घेत बसलेले बाबा हे पाहून खुशीत होते.

"रेल्वेनं आमच्या सयपाकघरात सिग्नल टाकला," ते म्हणाले. "आता तो पडल्याबिगर भाकर काई तव्यावरून उतराची नाई."

सगळे हसले. आतून वहिनीचेही हसू ऐकू आले. त्या संध्याकाळी बाबांनी मुद्दाम आवाज मोठा ठेवला, आणि बातम्या, सरकीचे भाव, एक कीर्तन असे सारे आमच्या चुलीपर्यंत पोचले. शेजारच्या बायका पाहायला आल्या. सुनेची अशी हौस कोण करते, असे म्हणाल्या, आणि ते खोटेही नव्हते.

आता बैठक दुपारी वहिनीसाठी रिकामी राहण्याचे कारण उरले नाही. तसे कोणी ठरवले नव्हते; पण बाबा दुपारीच जिनिंगवरून परतू लागले आणि त्यांची माणसे येऊन बसू लागली. एकदा बाबांनी मला अगदी मायेने सांगितले की वयनीले आता आतच समदं ऐकू येते, तिले बाहेर याची तकलीफ नाई. रेडिओ त्यांच्या हाताने लागे आणि त्यांच्या हाताने बंद होई. बोलणे रंगले की मधेच तो मिटे, आणि स्वयंपाकघरातली पेटीही त्याच क्षणी गप्प होई. सुरुवातीला वहिनी मला निरोप देऊन पाठवी. "बाबा, वयनी म्हणते दुसरं काही लावता का," असे मी दारातून म्हणायची. "हे होऊ दे, मंग लावतो," असे ते म्हणत, आणि खरोखरच लावत. पण ते जे लावत ते त्यांना सापडलेले असे, तिला नव्हे. पुढे वहिनीने निरोप देणे सोडले.

दादाला तिचे काही बिनसल्याचे जाणवले असावे. भाकरी थापत असलेल्या वहिनीला त्याने एका संध्याकाळी सरळ विचारले की आवाज बारीक येतो का.

"आवाज बेस हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने, भाकरीवरची नजर न काढता, ती म्हणाली, "मले नुसतं ऐकाचं नव्हतं. मले लावाचं होतं."

"मंग काय लावू ते सांगत जा ना. मी सांगतो बाबाले."

वहिनीने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. दादाने त्या बोलण्याचा अर्थ त्याच्या परीने लावला, आणि पुढच्या सुटीला स्पीकरच्या पेटीवर एक छोटी खुंटी बसवून दिली. तिने आवाज कमी-जास्त करता येई, हवा तर पूर्ण बंदही. काटा मात्र बैठकीतच राहिला. तो तारेतून आणता येण्यासारखा नव्हता. वहिनीने ती खुंटी फिरवून पाहिली, चांगली आहे म्हणाली, आणि डावीकडे टोकापर्यंत नेऊन, आवाज बंद करून सोडून दिली. त्यानंतर आमचे स्वयंपाकघर पुन्हा पूर्वीसारखे झाले. दादाने पेटी दोनदा उघडून तपासली. तिच्यात काहीच बिघडलेले नव्हते.

दादाचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. त्या काळी आमच्या ओळखीत बायकोसाठी भिंतीतून तार नेणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही. तरीही वाटते की त्या दुपारी दाराआड उभ्या असलेल्या वहिनीला पाहून त्याने तार आणण्याऐवजी दार पूर्ण उघडले असते तर? पण दार उघडायला बाबांशी बोलावे लागले असते, आणि तार टाकायला कोणाशीच बोलावे लागत नव्हते.

साठीच्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टर आला. खांद्याला अडकवता येईल एवढा. ना तार, ना स्टूल. दादाने तो थेट स्वयंपाकघरात आणला आणि वहिनीपुढे धरला. मी कॉलेजच्या सुटीत घरी होते, तिथेच बसले होते. त्याच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांनी जमले, असा आनंद होता. "घे," तो म्हणाला, "आता तुह्या मनानं लाव."

तिचे हात कोरडे होते, तरी तिने ते पुढे केले नाहीत. तिने ट्रान्झिस्टरकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "तुमीच लावा. जे लागन ते ऐकतो आमी."